बब्रुवानकाकांची लाल कार्डं

आमच्या रहाटणीच्या बागेतल्या सी-सॉला एका सकाळी लाल कार्ड लटकलेलं दिसलं. त्यावर ठसठशीत अक्षरं: 'रिजेक्ट. खिळा वर आलाय. ब. मुळे.' दोन दिवसांनी ठेकेदाराची माणसं आली. साहेबांनीच खूण करून ठेवली असणार, असं समजून ती सी-सॉ उचलून घेऊन गेली.

ब. मुळे म्हणजे बब्रुवानकाका, आमच्या सोसायटीसमोरच्या बैठ्या घरांत राहणारे. मूळचे लातूरकडचे. सगळी नोकरी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून बनवलेले जॉब म्हणजे सुटे भाग तपासण्यात गेली. पिवळं कार्ड म्हणजे रीवर्क, दुरुस्त करून आणा; लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवं म्हणजे पास. रिटायर झाले, पण कार्डं आणि सुतळी खिशातच राहिली. बागेतला नळ, घसरगुंडी, वॉचमनची खुर्ची, कुणीच सुटलं नाही. माझ्या स्कूटरलाही पिवळं बांधलं, कारण आरसा सैल. हिरवं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांचा आवाज. प्रेसच्या दणक्यात बोलून बोलून कान गेलेले. ते 'राम राम ताई' म्हणाले की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत येतात.

बागेचं नूतनीकरण निघालं आणि पालिकेच्या उद्यान खात्याने नागरिकांच्या सूचना मागवल्या. फॉर्म गोळा करायचं काम सोसायटीची सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं. कुणाला कारंजं हवं, कुणाला सेल्फी पॉइंट. मला बायकांसाठी स्वच्छतागृह हवं होतं. काकांनी सगळ्या रकान्यांत एकच ओळ लिहिली: 'दुपारी गेट उघडं ठेवा.' बाग अकरा ते चार बंद असते. गेटच्या कुलपालाही लाल कार्ड बांधून झालं होतं.

"काका, हे कशाला?" मी विचारलं.

"सी-सॉ नेला न्हवं? गेटबी नेतील."

गेट कुणी नेलं नाही. फॉर्मवर काका सही करायला मात्र विसरले होते. दुसऱ्याच दिवशी फॉर्म द्यायचे होते, म्हणून दुपारी दोनला त्यांच्या घरी गेले. सुनेने दार बोटभर उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, काकू. हे झोपलेत. रात्रीची तिसरी पाळी आहे चाकणला."

एकच खोली. पडदा लावलेला, पंख्याखाली काकांचा मुलगा गाढ झोपलेला.

"आणि काका?"

"मामा जेवले की बाहेर पडतात. रोज. मी म्हणते, पडा की इथंच. तर म्हणतात, मला माझा आवाज कळत न्हाई, पण पोराला कळतो." तिने मागे वळून पाहिलं. "बागेत बसतात ना ते."

बाग बंद असते, हे मी तिला सांगितलं नाही.

काका गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. डोक्यावर रुमाल, सावली म्हणाल तर विजेच्या खांबाएवढी. मला पाहताच अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "काय काम काढलं ताई?"

"सही राहिली तुमची."

त्यांनी सही केली. मी फॉर्म पर्समध्ये ठेवला. घरी जे कळलं, ते उन्हात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतंच.

आठवड्याने बागेतच बैठक झाली. काका उठले. गेट बंद ठेवल्याने बिजागऱ्या गंजतात, झाडांना माणसांची सवय राहत नाही, अशी एकेक कारणं त्यांनी दणक्यात मांडली. खरं कारण सोडून सगळी.

"काका, थोडं हळू," खात्याच्या मॅडम म्हणाल्या.

"मी काय वरडायलोय का?"

लोक हसले. मॅडमनी सूचनांच्या यादीतल्या 'कारंजं' शब्दाखाली रेघ मारली, तेव्हा मी उठले. काकांच्या घरचं त्यांच्या तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं. मी एवढंच विचारलं, "घरात तिसऱ्या पाळीचं माणूस कोणाकोणाकडे आहे? हात वर करा."

आधी दोन हात आले. मग मागून गॅरेजवाल्या सलीमभाईंचा. मग इतके, की मॅडमनी मोजणं सोडून दिलं.

"आता सांगा, ते झोपतात तेव्हा घरातली म्हातारी माणसं कुठे जातात?"

काका खाली बघून सुतळीची गाठ सोडवत बसले.

कारंजं मागे पडलं. स्वच्छतागृह 'विचाराधीन' आहे, त्याच्या मागे मी आहेच. गेट मात्र पुढच्या महिन्यापासून दुपारीही उघडं राहू लागलं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिकडून गेले. गेटला हिरवं कार्ड होतं. आत कडुलिंबाखाली काका चार म्हाताऱ्यांना प्रेसची गोष्ट सांगत होते, ती मला चौकापासून ऐकू येत होती. मला पाहून ते उठले, स्कूटरभोवती एक फेरी मारली, आरसा हलवून पाहिला.

"अजून सैल हाय. रीवर्क."

"काका, जरा हळू बोला."

"आता कशाला?" काका आणखीच मोठ्याने म्हणाले. "हितं कोन झोपलंय?"