मौनातलं कर्ज

मेडशीच्या एसटी स्टँडसमोर श्रेयांसचं कापडाचं दुकान आहे. देवानं त्याला सगळं दिलं, फक्त गप्प बसायचं तेवढं द्यायचं राहिलं. रुमाल घ्यायला आलेल्या माणसाला तो त्याच्याच मेहुणीच्या लग्नाचा अख्खा बस्ता उलगडून दाखवतो, वर तिच्या सासरची चौकशी करतो. (माणूस रुमाल न घेताच जातो, तो भाग वेगळा.)

तर दशलक्षण पर्वात जैन मंदिरात पहिल्या कलशाची बोली लागली. पहिला अभिषेक कोणी करायचा ते बोलीवर ठरतं; जो जास्त बोलेल त्याला मान, आणि पैसा मंदिराला. श्रेयांसनं घरूनच ठरवून आणलं होतं की अकराशे म्हणायचं, थोडं पुण्य पदरात पाडायचं आणि चूप बसायचं. तो अकराशे म्हणाला. त्याचा चुलतभाऊ सन्मती एकवीसशे म्हणाला आणि हसला.

हसला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सन्मतीचं हसू म्हणजे श्रेयांसच्या डोक्यात सणकन जाणारी गोष्ट. तो चढला, सन्मती चढला, आणि एक्कावन्न हजारांवर श्रेयांसला एकदम शांतता ऐकू आली. सन्मती घड्याळात पाहत होता. लोकांनी जयजयकार केला, आई प्रेमाबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि बायकांच्या बाजूनं कृतिकानं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो पटकन मूर्तीकडे वळून हात जोडून उभा राहिला.

"पैसे कुठून आणसान?" घरी आल्या आल्या तिनं विचारलं.

"उधारी वसूल होऊन राह्यली ना."

"कोणाची?"

आता दुकानाची उधारी कृतिकाच सांभाळते. कोणी किती दिले, कोण तोंड लपवून फिरतो, तिला सगळं तोंडपाठ. श्रेयांसला जोराचा खोकला आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या त्यानं मोबाईलवरून पर्सनल लोन काढलं. चार ठिकाणी बोट लावलं, एकदा चेहरा दाखवला, आणि चहा उकळायच्या आत पैसे खात्यात. सोपं काम. मंदिरात रविवारी भरायचे होते, म्हणून ते खात्यातच राहिले. इकडे कृतिकाचं मात्र "कोणाची उधारी?" थांबेना. जेवताना तेच, दुकान उघडताना तेच. शेवटी त्याला एक नामी युक्ती सुचली. चातुर्मासासाठी गावात महाराज होते. संध्याकाळी भर सभेत श्रेयांस उठला आणि उद्या सूर्यास्तापर्यंत मौन पाळायचा नियम घेऊन मोकळा झाला.

सभा अवाक्. सन्मतीचं तोंड उघडंच राहिलं. प्रेमाबाईला तर पोरगं तरलं असंच वाटलं. श्रेयांसला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की ते कोणाला तरी सांगावं म्हणून त्याचा जीव तळमळत होता, पण सांगणार कसं?

मौनाच्या दिवशी दुपारी प्रेमाबाई दुकानात आली आणि कानाशी लागून म्हणाली, "तुह्या बोलीचे पैसे म्या भरून टाकले. माह्या एफडीचे होते. तुह्याजवळ नाहीत हे माय वळखते बाप्पा. कृतिकाले सांगू नको."

श्रेयांसनं तोंड उघडलं, आठवलं, मिटलं. आई त्याच्या संयमावर खूश होऊन गेली.

म्हणजे आता कर्जाची गरजच नव्हती. तेवढ्यात मोबाईलवर मेसेज आला. घेतलेलं कर्ज नको असेल तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून ते रद्द करता येईल, मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत, हेल्पलाइनला फोन करा. श्रेयांसला वाटलं, भगवंत पावला. सहाच्या आत फोन केला की कर्ज गेलं आणि कृतिकाला पत्ताही नाही. नाही केला, तर दोन वर्षं दर महिन्याला हप्ता जाणार, आणि खात्यातून दहा रुपये इकडचे तिकडे झाले तरी तिला कळतं.

फोन करायचा म्हणजे बोलायचं. मौन सूर्यास्तापर्यंत, आणि सूर्य काही कंपनीच्या टायमाला मावळत नाही. मेसेजला उत्तर लिहावं तर तिकडून दर वेळी "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" एवढंच येई. त्यात साडेपाच वाजून गेले.

नेमका तेव्हाच आसेगावचा जानराव धोतरजोडी घ्यायला आला. श्रेयांसनं त्याला गादीवर बसवलं, सगळी हकीकत कागदावर लिहून वाचायला दिली आणि हात जोडले.

"म्हंजे म्या श्रेयांस बनून बोलायचं," जानराव म्हणाला. "त्यात काय हाय?" त्याला जरा कमी ऐकू येतं, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार सर, आपलं नाव?"

"श्रेयांस. लोन रद्द करा."

"आईचं नाव सांगाल?"

"प्रयागबाई," जानराव ठणकावून म्हणाला. नाव त्याच्या स्वतःच्या आईचं; माणूस आपली आई इतक्या पटकन कशी विसरेल?

श्रेयांसनं कपाळावर हात मारला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, माहिती जुळत नाही. कर्जदारांना स्वतः बोलायला सांगा, नाहीतर सहानंतर रद्द होणार नाही."

"त्याईचं मौन हाय ना बाई. एक काम करा, रद्द कायले करता, ते लोन माह्या नावावर टाका."

स्पीकरचा आवाज पार स्टँडपर्यंत जात होता. लोक थांबून ऐकू लागले. त्या गर्दीतून वाट काढत कृतिका आली आणि श्रेयांससमोर उभी राहिली. सहाला पाचच मिनिटं होती. श्रेयांसनं एकदा सूर्याकडे पाहिलं, तो आपला निवांत होता. मग बायकोकडे पाहिलं, ती निवांत नव्हती.

"मी श्रेयांस," तो म्हणाला. दिवसभर बंद राहिलेला आवाज दार करकरल्यासारखा निघाला. त्यानं आईचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली.

"धन्यवाद सर. रद्द करण्याचं कारण?"

"गरज नाही उरली."

"ओके सर. कर्ज घेताना आपण 'पत्नीचं ऑपरेशन' असं कारण दिलं होतं. मॅडम बऱ्या आहेत का आता?"

जानरावनं कृतिकाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय झालं होतं पोरी तुले?"

"तेच म्या याईले विचारून राह्यली," कृतिका म्हणाली. "कायचं ऑपरेशन होतं माह्यं?"

"मोबाईलवरच्या यादीत बोलीचं कारण नव्हतं ना," श्रेयांस म्हणाला, आणि एकदा सुटला तो सुटलाच. सन्मतीचं हसू, उधारीची थाप, आईची एफडी, कृतिकाला चुकवायला घेतलेलं मौन, सगळं त्यानं फोनवर, म्हणजे अख्ख्या मेडशीला, सांगून टाकलं. तिकडची मुलगी मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सर, मी 'इतर कारण' लिहिते." पैसे कापले गेले आणि सहाला एक मिनिट असताना कर्ज रद्द झालं.

कृतिकानं फोन उचलून बंद केला. एक्कावन्न हजारांच्या पायी हा माणूस आपल्याशी खोटं बोलला, याचं तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि ते तोंडावर दिसत होतं. त्यालाही ते दिसलं, आणि फार वाईट वाटलं.

मोडलेल्या नियमाचं प्रायश्चित्त घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक आणि कृतिका असे तिघं महाराजांपुढे गेले. श्रेयांसनं मान खाली घालून चूक सांगितली. (थोडक्यात सांगायची होती, अर्धा तास लागला.) महाराज प्रसन्न हसले आणि म्हणाले, "पुन्हा एक दिवस मौन पाळा."

कृतिकानं हात जोडले. "महाराज, एकच?"

श्रेयांसनं मोठ्या आशेनं आईकडे पाहिलं. प्रेमाबाईनं पदर सावरला, नमस्कार केला आणि म्हणाली, "खरं हाय तिचं महाराज. चातुर्मास संपाले अजून लय दिवस हायेत."