हॉगनच्या भट्टीखालचे एकमत

गळणारे पाणी घरमालकाचे असते. गळतीचे निदान मात्र सगळ्या गल्लीचे असते. आमच्या मिनेसोटात याबाबत दुमत नाही. (तसे आमच्याकडे कशाबाबतच दुमत नसते. 'तू चुकतोयस' हे वाक्य गावात शेवटचे कधी ऐकू आले, ते कुणालाच आठवत नाही.)

जूनमधल्या एका बुधवारी व्हर्लिन हॉगनच्या तळघरात भट्टीखाली डबके दिसले. हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी आणि उन्हाळ्यात गार करणारा एसी आमच्याकडे एकाच पत्र्याच्या कपाटात नांदतात, त्यामुळे भट्टीला पाणी सुटल्याचे कुणाला नवल वाटले नाही. अडचण एवढीच, की शनिवारी त्याच तळघरात त्याच्या मुलीची, ब्रिटाची, शाळा संपल्याची पार्टी होती. ऐंशी पाहुणे, बाहेर कडक ऊन आणि खाली नवाकोरा गालिचा. त्यानंतर पोरगी शिकायला पार ॲरिझोनाला जाणार होती.

"मेकॅनिकला फोन कर," व्हर्लिनची बायको मार्डेल म्हणाली.

"करतो गं. आधी आपण नुसतं बघून तर घेऊ," व्हर्लिन म्हणाला, आणि बघायला आम्हा शेजाऱ्यांना बोलावले.

विहित कार्यपद्धती अशी: जिना उतरावा, कमरेवर हात ठेवावेत, डबक्याकडे पाहून "हं" म्हणावे. रॉजरच्या मते एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली होती. "अगदी बरोबर बोललास," ऑर्विल म्हणाला, "आणि पंपही गेलाय." मी दोघांनाही दुजोरा देऊन कपाट तिरके असल्याचे निदर्शनास आणले. कुणालाच खोडून काढायचे नसल्याने तिन्ही उपाय मंजूर झाले. नळीत व्हिनेगर ओतले, पंप बदलला, कपाटाखाली लाकडाच्या चिपा ठोकल्या. डबके दुप्पट झाले. निदाने कमी पडत असल्याचे यावरून सिद्ध झाले, म्हणून आणखी तिघांना पाचारण केले.

शुक्रवारी मार्डेलने वैतागून मेकॅनिक बोलावलाच. बिचारा इथलाच, सज्जन माणूस. आमची सगळी निदाने ऐकून "सगळंच पटण्यासारखं आहे" म्हणाला, कॉफी प्यायला आणि गेला. (जाताना हवेचा फिल्टर कधी बदलला होता, असे त्याने हळूच विचारले, पण व्हर्लिनला वाईट वाटेल म्हणून उत्तरासाठी थांबला नाही.)

शनिवारी गालिचा पचपचू लागला. पाहुणे त्यात उभे राहून "छान गारवा आहे" म्हणत होते. आम्ही भट्टीभोवती कोंडाळे करून, पार्टीकडे पाठ फिरवून कर्तव्य बजावत होतो.

"बाबा, केक कापायचाय. जरा इकडे बघ ना," मागून ब्रिटा म्हणाली.

"आलोच गं, दोनच मिनिटं," व्हर्लिन डबक्याला म्हणाला.

ती पुढे आली, कपाटाचे बटण बंद केले आणि जिना चढून गेली. पाच मिनिटांत पाणी थांबले. आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू! व्हिनेगरचा गुण आला, असे रॉजर म्हणाला, पंपाचा आला असे ऑर्विल म्हणाला, आणि चिपांचा आला हे मला ठाऊकच होते. तासाभराने मागे वळलो तेव्हा केक तसाच होता, आणि एसीविना घामाघूम झालेले पाहुणे निरोप घेत होते. मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

तुम्ही हसताय. 'अहो, तो फिल्टर बघा, तो तुंबलाय म्हणून पाणी सांडतंय' असे मघापासून मनात घोकताय. पण ब्रिटा वर जाऊन रडत होती का, हे विचारायचे तुमच्याही डोक्यात आले नाही. या, खाली या, आमच्या शेजारी जागा आहे.