धनराजी नावाची लांबटांगी माशी

कोणत्याही जिवाला जगण्यासाठी नाव लागत नाही. नाव लागते ते वार्षिक अहवालात दाखवण्यासाठी. अहेरीच्या जंगलात हजारो किडे निनावी जन्मतात आणि निनावी मरतात, याचे कारण एवढेच की त्यांच्याकडे अजून एखाद्या महाविद्यालयाचे लक्ष गेलेले नाही. लक्ष गेल्यावर काय होते, याची ही हकीकत.

शिरीन मॅडम अहेरीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. मूळच्या वरोऱ्याच्या, वडील गफ्फारभाई तिथे शिलाईकाम करत. मॅडमकडे डॉक्टरेट होती आणि त्या तासिका तत्त्वावर होत्या. (या तत्त्वानुसार प्राध्यापक वर्गात उभा असतो तेवढाच वेळ अस्तित्वात असतो. उन्हाळ्यात तो अजिबात नसतो.) दर जुलैला त्यांची नव्याने नेमणूक होई आणि दर एप्रिलला त्यांचा संस्थेला विसर पडे. त्यांना कायम करण्याची फाइल संस्थेच्या कपाटात होती आणि ती तिथे अत्यंत सुरक्षित होती.

स्टाफरूममधल्या खुर्च्या कायम लोकांच्या असल्यामुळे शिरीन डबा खायला कॉलेजमागच्या बोडीवर जाई. धानाला पाणी व्हावे म्हणून कोण्या जुन्या माणसाने खोदलेले ते लहानसे तळे. काठच्या पानांवर तिला एके दुपारी ती माशी दिसली. तांदळाच्या कणीएवढी, आणि पाय मात्र कुणा मोठ्या माशीकडून उसने आणल्यासारखे. नर मादीपुढे उभा राही, पुढचे पाय उंचावून त्यांच्या टोकाचे पिसांसारखे केस हलवी, आणि मादी उडून गेल्यावरही बराच वेळ हलवत राही. (असे अध्यापन करणारे अनेक सहकारी शिरीनच्या ओळखीचे होते.) त्या दिवशी डबा तसाच राहिला. आठ वर्षांत त्या आवारात कोणीतरी तिला पहिल्यांदाच काहीतरी नवे दाखवले होते.

ओळख पटवायला तीन वर्षे गेली. लांबटांग्या माश्यांच्या कुळात तोंडावरून कोणी कोणाला ओळखत नाही. जात ठरते ती नराच्या मागच्या टोकाच्या घडणीवरून. मादीची नोंद बहुधा ‘नराप्रमाणेच, पण साधी’ अशी असते. (यावरून हे शास्त्र पूर्णपणे भारतीय परिस्थितीला अनुकूल आहे हे दिसते.) शिरीनने सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काटान्‌काटा रेखाटला, परदेशातल्या दोन तज्ज्ञांना पाठवला, आणि दोघांनीही कळवले की ही जात विज्ञानाला नवी आहे.

ही बातमी संस्थेचे अध्यक्ष धनराजभाऊ यांच्या कानावर गेली. भाऊंचा मुरूम-गिट्टीचा धंदा होता आणि त्यांना स्वतःच्या नावाचा मोह मुळीच नव्हता. कॉलेजची कमान, बसथांबा, थंड पाण्याची टाकी, कबड्डीचा चषक आणि स्मशानातली दोन बाकडी यांना त्यांचे नाव लोकाग्रहास्तव दिलेले होते. सजीव सृष्टी तेवढी राहिली होती. त्यांनी शिरीनला बोलावून घेतले.

“मॅडम, वाघ-बिघ नाई का भेटला?”

“माशी आहे, भाऊ. पण जगात नवीन.”

“किती मोठी?”

शिरीनने बोटाने दाखवले. भाऊ थोडे खिन्न झाले, मग म्हणाले, “फोटू तं मोठा करता येते ना? मंग झालं. नाव कोनाचं देऊन राह्यल्या?”

शिरीनच्या मनात बोडीचे नाव होते. पण भाऊंच्या पाठीमागे ते कपाट होते आणि त्या दिवशी कपाट चक्क उघडे होते. भाऊ म्हणाले, “तुमची फाइल मी कालच वर काढली.”

रात्री तिने वडिलांना फोन केला. गफ्फारभाई म्हणाले, “दे दे बेटा. मच्छर-मक्खी को क्या फरक पडता? तू एक बार पक्की हो जा.”

शास्त्राच्या नियमाने पुरुषाच्या नावापुढे ‘ई’ लागला आणि माशीचे नाव धनराजी झाले. भाऊंना ते बायकी वाटले. ‘धनराजी’ म्हणजे ‘धनराजची’, असे शिरीनने सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हनजे माही माशी! मंग चालते.”

शोधनिबंध छापून आला आणि प्राचार्य श्रीहरी सरांनी सत्कार ठरवला. (सत्कार भाऊंचा. माशी शोधणाऱ्यांचे आभार शेवटी मानायचे होते.) गर्दी आयती मिळावी म्हणून दिवस आठवडी बाजाराचा धरला आणि भोंग्यांची तोंडे बाजाराकडे केली. निबंधातले माशीचे वर्णन मराठीत करून वाचण्याचे काम मराठीचे लटारू सर यांच्याकडे गेले, कारण त्यांचा आवाज पोवाड्याचा होता.

“सर, ते वाचू नका,” शिरीन म्हणाली. “फार तांत्रिक आहे.”

“तांत्रिक आहे म्हणूनच तर वाचायचं,” श्रीहरी सर म्हणाले. “समजलं तर वजन राहत नाही.”

सत्काराच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांच्या गाड्यांचा प्रश्न निघाला. भाऊंनी उदार मनाने मुरमाचे ट्रक पाठवले. शिरीन वर्गातून धावत बोडीवर गेली तेव्हा पहिला ट्रक पाण्यात रिकामा होत होता.

“काऊन मॅडम, काई राह्यलं का तिथी?” ड्रायव्हरने विचारले.

राहिले होते. पण फाइलवर सही सत्कारानंतर होणार होती. शिरीन म्हणाली, “नाही. चालू द्या.” आणि परत येऊन तिने वर्गाला पर्यावरण संवर्धनाचे पाच मुद्दे लिहून दिले. चौथा मुद्दा तिने खिडकीबाहेर बघत लिहिला, तो कोणाला वाचता आला नाही. तो परीक्षेतही आला नाही, त्यामुळे नुकसान झाले नाही.

सत्कार थाटात झाला. शाल, श्रीफळ, माशीचा म्हशीएवढा फोटो. मग लटारू सरांनी घसा साफ केला.

“धनराजी! चेहरा अरुंद, खाली जाताना आणखीच अरुंद! सोंड आखूड व मांसल, भक्ष्य कोरडे होईपर्यंत सोडत नाही!”

गौरव समजून पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी हात जोडले.

“पाय शरीराच्या मानाने अवाजवी लांब! नर मादीपुढे ते हलवतो, मादी बहुधा उडून जाते!”

टाळ्या जरा कमी झाल्या. बाजारातले काही लोक वांगी हातात धरून मांडवाकडे वळले.

“पार्श्वभाग!” लटारू सर आता रंगात आले होते. “पार्श्वभाग अवाढव्य! डावीकडे कललेला! पोटाखाली दुमडून घेतलेला! टोकाशी दोन वाकडे काटे, त्यांतला एक खुजा! धनराजीची ओळख केवळ याच भागावरून पटते!”

टाळ्या पार थांबल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून भाऊंच्या पत्नी बायनाबाई यांचा आवाज आला. “अवं, पन ह्या मॅडमले कसं मालूम पडलं?”

यापुढचा कार्यक्रम झाला नाही. आभार राहून गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती नेमली गेली. श्रीहरी सर, लटारू सर आणि एक वकील. शिरीनला भाऊंपुढे उभे केले.

“नाव काढून टाका.”

“निघत नाही, भाऊ. एकदा छापलं की जगभर तेच राहतं. मी म्हटलं तरी निघत नाही.”

“मंग तो भाग तं लहान करा!”

“तो आहे तेवढाच आहे, भाऊ.”

वकिलांनी सुचवले की ताजा नर पकडून फेरमोजणी करावी. एखादा सभ्य नमुना सापडला तर शुद्धिपत्र काढता येईल. त्यानुसार समिती जाळी घेऊन बोडीवर गेली. बोडीच्या जागी गाड्या लावायची जागा होती. लटारू सरांनी शिस्तीत जाळी फिरवली. भज्यांच्या कागदांवर घरमाश्या विपुल आढळल्या, त्यांच्याविषयी समितीने समाधान व्यक्त केले.

शिरीन मात्र पावसाळाभर हिंडली. आलापल्लीपर्यंतच्या प्रत्येक बोडीच्या काठी बसली, पान न्‌ पान पाहिले. पाय हलवणारे कोणी भेटले नाही. एका संध्याकाळी ती चिखलातच बसून रडली. ही बाब समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती.

समितीचा निष्कर्ष एका ओळीचा होता : सदर जात नामशेष झाली आहे.

“म्हनजे?” भाऊंनी विचारले.

“नामशेष म्हणजे, भाऊ,” लटारू सर म्हणाले, “बाकी सगळं जातं. नाव तेवढं उरतं.”

“माहं नाव?”

“हो.”

“आनं तो भाग?”

“तो गेला.”

भाऊ सत्कारानंतर पहिल्यांदाच हसले. महिन्याभरात तिथे फलक लागला : ‘धनराजी माशीचे जागतिक मूळस्थान. वाहने रांगेत लावावीत.’ प्राणिशास्त्राची जागा भरली गेली, तिच्यावर भाऊंचा पुतण्या अजय कायम झाला. शिरीनचा विसर त्या वर्षी एप्रिलऐवजी फेब्रुवारीतच पडला. ती वरोऱ्याला परतली आणि वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर शिकवण्या घेऊ लागली.

वाचकांपैकी कित्येकांना हे वाचून भाऊंचा राग आला असेल, आणि तो योग्यच आहे. मात्र एक किरकोळ बाब नोंदवणे भाग आहे. या संपूर्ण हकिकतीत त्या माशीचा रंग कुठेही आलेला नाही. भाऊंचा पार्श्वभाग डावीकडे कलतो, हे आता आपल्याला जन्मभर लक्षात राहील. रंग सांगायचा राहिला, हे मात्र आपल्याला आत्ता सांगितल्यावर कळले.

वरोऱ्याला शिरीनला विचारले तर ती सांगेल. अजून कोणी विचारलेले नाही.