दगडावर रॅप चालणार नाही

दगड कोरणाऱ्या मिस्टर फेरांतेंचा फोन आला तेव्हा अर्नेस्टीनबाई ओट्याशी उभ्या राहून कोलार्डची भाजी निवडत होत्या. दगड तयार होता. नाव, साल, कडेची वेल, सगळं कोरून झालं होतं. खालच्या चार ओळींसाठी मात्र चर्चच्या दफनभूमी मंडळाचं पत्र लागेल, असं फेरांते जरा चाचरतच म्हणाले, कारण ओळी थोड्या वेगळ्या होत्या.

"तेविसावं स्तोत्र आहे ना ते?" बाईंनी विचारलं.

फेरांतेंनी बाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या, थर्मनच्या, अक्षरातल्या त्या ओळी वाण्याची यादी वाचावी तशा वाचून दाखवल्या. पहिली ओळ ऐकताच अर्नेस्टीनबाई भाजीची पाटी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या आणि पुढची तीन वाक्यं नुसत्या हुंकारावर निभावली.

चूक त्यांचीच होती. मागच्या वर्षी इस्पितळात थर्मनने दगडाचा फॉर्म स्वतः भरून त्यांच्यापुढे धरला होता. "मी लिहिलाय तसाच होऊ दे, एवढं कबूल कर," तो म्हणाला होता, आणि त्यांनी कबूल केलं होतं. तीस वर्षं चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, असलेला माणूस बायबलातल्या स्तोत्राशिवाय दुसरं काय लिहिणार? न वाचता कशाखाली नाव घालू नका, असं ब्रॉन्क्समधल्या मुलांना अडतीस वर्षं बजावणाऱ्या इंग्रजीच्या बाईंनी डोळे भरलेले असताना, न वाचता सही ठोकली.

आणि थर्मनने काय लिहिलं होतं? तर रॅप. बस चालवायला लागण्याआधीचा, डीकन होण्याआधीचा, बाईंच्या इमारतीखालच्या मैदानात रस्त्याच्या दिव्यातून वीज ओढून मोठाले स्पीकर लागायचे त्या दिवसांतला. लग्नानंतर हे खूळ घरात चालणार नाही, असं बाईंनी सांगितलं होतं आणि थर्मनने ते पाळलं होतं. कधीमधी भांडी घासताना त्याची बोटं पातेल्यावर वाजायची. तेव्हा बाई नुसत्या "थर्मन, नळ" एवढंच म्हणायच्या, आणि नळही बंद व्हायचा, बोटंही.

आता हे मंडळाचं पत्र. दफनभूमीतला तो पट्टा चर्चच्या मालकीचा, त्यामुळे दगडावर काय कोरायचं ते मंडळ ठरवी. नऊ वर्षांपूर्वी लव्हॉन पिंकनीचा जमेल नावाचा एकुलता एक मुलगा दम्याने गेला. तेविसाचा होता. त्याच्याच रॅपमधल्या दोन ओळी दगडावर कोराव्यात म्हणून लव्हॉनने अर्ज केला. मंडळाच्या चिटणीस होत्या अर्नेस्टीन गॅड्सडेनबाई. त्यांनी अर्ज फेटाळला आणि पुन्हा कुणी विचारू नये म्हणून नियमच लिहून टाकला: दगडावर बायबलचं वचन किंवा कविता चालेल. रॅप ही कविता नव्हे, सबब दगडावर रॅप चालणार नाही. खाली चार कारणं दिली. लव्हॉन एकेकाळी त्यांच्याच वर्गातली. तिने अर्जाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, "बरं मॅडम" म्हणाली आणि निघून गेली. जमेलच्या दगडावर नावाखालची जागा तेव्हापासून कोरी आहे.

आणि या वर्षी मंडळाची अध्यक्ष होती लव्हॉन.

ओळी गाळून टाकल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. पण शब्द दिलेला, तोही मरणाऱ्या माणसाला. बाईंनी आधी चर्चचे पाद्री रेव्हरंड मोब्ली यांना फोन करून विचारलं, एखादी प्रार्थना म्हणून हे खपेल का. रेव्हरंडांनी ओळी ऐकून घेतल्या आणि देव नेमका कुठल्या ओळीत आहे ते विचारलं. मग बाईंनी फेरांतेंना विचारलं, दगडाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात? मागच्या बाजूलाही पत्र लागतं, असं उत्तर आलं. शेवटी त्यांनी स्वतः लाल पेन घेतलं. बढाई काढली, थर्मनचं नाव काढलं, 'सायंकाळ' असं शीर्षक दिलं. तयार झालं ते इतकं भिकार होतं की एखाद्या मुलाने आणलं असतं तर त्यांनी वर न बघता म्हटलं असतं, "परत लिहून आण."

तेव्हा बाईंनी लाल पेनाचा कागद फाडला, थर्मनच्या ओळी होत्या तशा एका चिठ्ठीवर उतरवून घेतल्या आणि अर्ज केला.

मंडळ चर्चच्या तळघरात बसलं. तिघं जण होते: लव्हॉन, रेव्हरंड मोब्ली आणि डीकन होझिया ट्विट. ट्विट हे बार्बाडोसचे गृहस्थ, नियमाला देवाखालोखाल मानणारे. टेबलावर कॉफी आणि पाउंड केक होता, पण केकला कुणी हात लावला नाही. बाई समोर बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. चिटणीस म्हणून इतिवृत्ताची वहीही त्यांच्याचपुढे होती.

डीकन ट्विटांनी ती वही ओढून घेतली आणि जुनं पान काढलं. अक्षर सुरेख होतं.

"कारण पहिलं," त्यांनी वाचलं. "कवितेला स्वतःचा ताल असतो, रॅपला ढोल लागतो. सिस्टर गॅड्सडेन, तुमचं काय म्हणणं?"

हे कारण कुणी लिहिलंय हे डीकनना ठाऊक नव्हतं असं नाही. बाई म्हणाल्या की ढोल काढला तरी या ओळी उभ्या राहतात. दुसरं कारण होतं, कवी बढाई मारत नाही. बाई म्हणाल्या की लिहिणाऱ्या बाईंनी तेव्हा कवी फारसे पाहिले नसावेत. तिसरं, कवी आपलं नाव ओळीत घालत नाही. यावर रेव्हरंड हळूच म्हणाले की थडग्याच्या दगडावर नाव असायला हरकत नसावी. डीकनना हे पटलं, त्यांनी मान डोलावली.

आपल्याच मुद्द्यांना आपणच खोडत बसणं किती लाजिरवाणं असतं ते बाईंना त्या दिवशी कळलं. त्याहून वाईट म्हणजे लव्हॉन एक शब्द बोलत नव्हती. ती फक्त बघत होती.

"कारण चौथं," डीकन म्हणाले. "कविता पाठ होते. रॅप म्हणणाऱ्यालासुद्धा दुसऱ्या दिवशी आठवत नाही."

आता लव्हॉन बोलली. "मॅडम, वाचून दाखवा."

बाईंनी सुरुवात केली. वर्गात वाचायच्या तशी, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून. दुसऱ्या ओळीतच त्या थांबल्या. ओळ मेलेली होती आणि ते तिघांनाही कळत होतं. तळघरात कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं पर्सवरून उठली आणि टेबलावर वाजायला लागली. पातेल्यावर वाजायची तशीच. सदुसष्ट वर्षांच्या, टोपीला जाळी लावलेल्या, सांत्वनाला आलेल्यांचंही व्याकरण सुधारणाऱ्या अर्नेस्टीनबाईंनी ताठ बसून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हटलं:

"नाव माझं थर्मन, माईक माझ्या हाती,
सात गल्ल्यांत माझी गाजते ख्याती;
चौथ्या मजल्यावरची खिडकी लागते धाडकन,
पडदा तेवढा हलतो, ओळखतो मी चटकन."

रेव्हरंडांचा पाय टेबलाखाली वाजत होता. तो त्यांनी आवरला.

"चौथ्या मजल्यावर कोण राहायचं?" डीकननी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत त्यांनी हे थर्मनजवळही कबूल केलं नव्हतं. तो विचारायचा, ऐकायचीस ना? आणि त्या म्हणायच्या, मला कुठला वेळ. आता सांगायला तो नव्हता, आणि सांगावं लागत होतं डीकन ट्विटांना.

लव्हॉन पुढे झुकली. "मॅडम, चिठ्ठी कुठंय?"

चिठ्ठी पर्समध्ये होती. पर्स बंद होती. चष्मासुद्धा तिच्यातच होता.

"आम्हाला शिकवलेलं आठवतंय का?" लव्हॉन म्हणाली. "कागद काढून घेतल्यावर जे उरतं ती कविता. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेतही लिहिलं होतं, तुम्ही पूर्ण मार्क दिले होते."

बाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्यावर मी अन्याय केला, लव्हॉन. तेव्हाही कळत होतं मला. मान्य करायचं नव्हतं."

लव्हॉनने पर्स उघडलीच नाही. नऊ वर्षं घडी घालून ठेवलेला कागद तिला लागला नाही. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्ट कायम बंद असलेल्या इमारतीतल्या आपल्या मुलाच्या ओळी तिने टेबलावर एका बोटाने ताल धरून म्हटल्या:

"दम माझा तोकडा, शब्द माझे लांब;
जिना चढून येतोय, आई, जरा थांब."

मग डीकन ट्विटांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की नियमाप्रमाणे कविता चालते, तेव्हा नियम मोडायचा प्रश्नच येत नाही. फक्त एक वाक्य खोडावं लागेल. ते चिटणीसबाईंनीच खोडायचं होतं. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि आपलंच वाक्य दोनदा खोडलं. मग सगळ्यांनी केक खाल्ला.

वसंतात दोन्ही दगडांवर ओळी कोरल्या गेल्या. जमेलच्या दगडाशी बाई इतका वेळ उभ्या राहिल्या की लव्हॉनने शेवटी त्यांचा हात धरला आणि दोघी मिळून थर्मनकडे आल्या. तो दगड जोडीचा होता. डाव्या अर्ध्यावर थर्मन आणि त्याच्या चार ओळी. उजव्या अर्ध्यावर अर्नेस्टीनबाईंचं नाव, जन्मसाल, आणि खाली मोकळी जागा.

"इथं काय घालणार, मॅडम?" लव्हॉनने विचारलं. "तेविसावं स्तोत्र?"

"त्याला उत्तर द्यायला नको का?" बाई म्हणाल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी पर्समधून एक कागद काढला. त्यावर भरपूर खाडाखोड होती, आणि सगळी लालच. त्यांनी घसा साफ केला. "खिडकी लावलेली होती, पण आतून कडी कधीच लावलेली नव्हती."

लव्हॉनने डोळे मिटून बोटांवर ठेका धरला. दोनदा मोजून पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तरी तिने नकारार्थी मान हलवली.

"शेवट लांबतोय, मॅडम," ती म्हणाली. "परत लिहून आणा."