साहेबांचं माप

माईंनी आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती. पस्तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईवर तशी वेळ येत नाही. चुका मुलांच्या असतात आणि लाल पेन बाईंचं. पण दोन वर्षांपूर्वी, लेकीने पसंत केलेला मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो हे कळल्यावर त्या स्वयंपाकघरात म्हणून गेल्या होत्या, "म्हणजे जन्मभर वर-खालीच!" आणि मुलगा नेमका पाण्याचा रिकामा पेला ठेवायला दारात आला होता. तो हसला होता. लग्नानंतर मात्र दोनदाच घरी आला, आणि दोन्ही वेळा कुठेतरी लिफ्ट अडकली म्हणून चहा अर्धा टाकून गेला.

ते वाक्य माईंना खात होतं. यंदा थंडी पडली तशी त्यांनी सुया बाहेर काढल्या. तोंडाने जमत नाही ते लोकरीने करायचं, जावयांना स्वेटर विणायचा.

जावयाला त्या कटाक्षाने अहो-जाहो करत. लेक नवऱ्याला 'तो' म्हणायची, त्यावरून दर रविवारी फोनवर तिची शिकवणी व्हायची. म्हणून एकदा लेक फोनवर म्हणाली, "साहेबांना थंडी अजिबात सोसत नाही गं, सकाळपासून हीटरसमोरून हलले नाहीत," तेव्हा माईंना धन्य वाटलं. पोरगी सुधारली.

"मी त्यांच्यासाठी स्वेटर विणतेय," माईंनी सांगून टाकलं.

लेकीचा आवाजच बदलला. "तू? खरंच? मला वाटलं, तुला ते कधी आवडणारच नाहीत."

"घरात आले, आपले झाले. माप सांग."

"गळा वीस इंच. छाती बत्तीस. पाठ चोवीस."

"गळा वीस? नीट मोजलास का?"

"तीनदा मोजला. एका जागी बसतील तर शपथ! आणि बाह्या दोनच कर हं. अगदी आखूड, चार बोटं. नाहीतर चालताना अडकतात."

"दोनच म्हणजे? किती असतात?"

"काहीजण चार करतात."

हल्लीच्या फॅशनपुढे माईंनी हात टेकले होतेच. त्यांनी लिहून घेतलं.

"आणि माई, पोटाकडून अगदी आखूड ठेव. लांब झाला तर ओला करून ठेवतात."

माईंचं पेन थांबलं. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं ना, मागच्याच आठवड्यात. इंजेक्शनला चौघांनी धरलं तेव्हा कुठे! नंतर दिवसभर पलंगाखालून बाहेर आले नाहीत."

फोन ठेवून माई नवऱ्यासमोर, नानांसमोर येऊन बसल्या. नाना वर्तमानपत्रात होते. माईंनी अडखळत सगळं सांगितलं, ओलं करण्याचं तर जवळजवळ खुणेनेच.

"बापरे," नाना म्हणाले. "तरी मुलगा धडधाकट वाटायचा."

"आणि मी त्यांना काय बोलले होते! बिचारे."

त्या दिवसापासून माई त्या माणसाच्या काळजीने विणू लागल्या. गळा इतका रुंद दिसे की त्यांनी दोनदा उसवून पुन्हा टाके घातले. बोटं गारठ्याने आखडत, मग त्या गरम पाण्यात बुडवून पुन्हा सुया घेत. सुलट-उलटच्या ओळींतून त्यांना तो दारातला, पेला हातात घेतलेला मुलगा दिसे. त्याला तेव्हा काय वाटलं असेल, हे त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदाच मनात आणलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

रविवारी दोघं लेकीकडे गेले. दार जावयानेच उघडलं. सडसडीत, ताठ, बोटांना ग्रीस. माईंनी आधी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. पंधरासुद्धा नसेल.

"बरे आहात ना?" त्यांनी मायेने विचारलं.

तो उत्तर देणार तेवढ्यात लेकीने पिशवीतून स्वेटर ओढला. "साहेब! बघा, आजीने काय आणलंय!"

पलंगाखालून एक तपकिरी, वासराएवढा कुत्रा बाहेर आला. माई नानांच्या मागे गेल्या. लेकीने "हात वर!" म्हणताच त्याने शहाण्यासारखा एक पाय उचलला, मग दुसरा. स्वेटर बसला. गळा तर इंचभरही इकडेतिकडे नाही.

"नाना, तुम्ही माईला सांगितलं होतंत ना, आम्ही कुत्रा आणलाय ते? मी म्हटलं होतं, ती घाबरते, तुम्हीच सांगा."

नानांनी छताकडे पाहिलं. "सांगतो म्हणालो होतो," ते म्हणाले. "मग आंघोळीचं पाणी गार होत होतं."

जावई कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. "माई, साहेबांसाठी इतकं विणलंत! मला वाटलं नव्हतं."

इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण चूक दिसली की तिच्याखाली रेघ ओढायची माईंची सवय जुनी होती.

"तो स्वेटर तुमच्यासाठी होता," त्या म्हणाल्या.

लेकीने तोंडावर हात ठेवला. जावयाने चार बोटांच्या बाह्यांकडे पाहिलं.

"आणि ते वर-खालीचं... मी बोलायला नको होतं. चुकलं माझं."

"अहो, ते मी कामावर सगळ्यांना सांगतो. लोक खूप हसतात." तो हसला, मग मान खाली घातली. "तुमच्या घरी यायला मात्र पाय उचलत नसे."

माईंचे डोळे भरले. त्यांनी घाईने पर्समधून टेप काढली आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हात वर करा," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. दोन वर्षं ज्या 'अहो'च्या आड त्याला लांब उभं केलं होतं, तो त्यांना आता नकोसा झाला.

"हात वर कर रे."

जावयाने दोन्ही हात वर केले. त्याच्या शेजारी, नव्या स्वेटरात, साहेबांनीही एक केला.