प्रणाली पाणबुडीत गेली

माझ्या लिहिण्यात चूक सापडत नाही! बावीस वर्षं मी अमरावतीत फिजिक्स शिकवते. माझ्या प्रश्नपत्रिकेतल्या एकाही वाक्याचे दोन अर्थ निघाले असतील तर दाखवून द्या. म्हणूनच कॉलेजनं नौदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांचा वर्ग काढला, तेव्हा पालकांना निरोप पाठवायचं काम मी स्वतः मागून घेतलं.

वर्गात बारा मुलं, आणि समुद्र सहाशे किलोमीटरवर! त्यातली प्रणाली पातूरजवळच्या खेड्यातली. तिचे वडील नत्थुजी भाजीपाला पिकवतात. त्यांनी तिला एकाच अटीवर पाठवलं होतं. "मॅडम, नेव्ही-बिव्ही शिकवा, पन पोरीले पाण्याजवळ नेऊ नका!"

आणि नेमकी तिचीच समुद्रावरच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी निवड झाली. शनिवारी पाचच्या आत वडिलांची सही हवी होती, नाहीतर तिचं नाव कटणार. नत्थुजी तीनदा "येतो" म्हणाले आणि वांगी तोडत राहिले.

नौदलात कोणी कोणती शाखा धरावी, हे नुसतं सांगून कळत नाही. म्हणून त्याच शनिवारी मी 'पाणबुडीचा दिवस' ठेवला. प्रयोगशाळेमागची बिनखिडकीची खोली, वर एक एक्झॉस्ट फॅन, सहा तास दार बंद. सगळ्यांचे मोबाइल बंद करून डब्यात. माझाही! नियम म्हणजे नियम.

डब्यात टाकण्याआधी मी नत्थुजींना निरोप लिहिला. त्यांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून गावातल्या किराणावाल्या ओमप्रकाशच्या मोबाइलवर पाठवला:

"प्रणाली पाणबुडीत गेली. आता फोन लागणार नाही. सहीसाठी ताबडतोब या."

तीन वाक्यं. एक शब्द जास्त नाही!

ओमप्रकाशनं चष्मा न लावता ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं, "प्रणाली पाण्यात बुडून गेली." हे मला नंतर कळलं. तिचा फोन बंद, माझाही बंद. म्हणजे खात्रीच झाली!

अडीच वाजता कोबी वाहायचा टेम्पो कॉलेजात शिरला. चौदा माणसं उतरली. सोबत पांढरं कापड, मडकं आणि दोन लांब हिरवे बांबू. कुठल्याशा मयतीवरून परस्पर आले असतील, मला वाटलं. बिचारे!

नत्थुजींच्या चेहऱ्यावर कोऱ्या गाळण कागदाइतकाही रंग नव्हता.

"मॅडम, कुठी हाय ते?"

"त्या खोलीत."

"एकटीच?"

"नाही, बारा जण आहेत."

"बारा!" मागे कोणीतरी मटकन खाली बसलं.

"अन् भेटन कवा?"

"चारला. त्याआधी दार उघडायचं नाही. पण आधी सही द्या."

"सई केल्याबिगर पोरगी नाई भेटत का?"

"सही पाचच्या आत लागते. इथे, पालकाच्या नावापुढे."

त्यांनी सही केली. पेन थरथरत होतं. मी मनात म्हटलं, बापाला केवढा हा अभिमान!

"तिले तरास झाला का?"

"अजिबात नाही. हसत गेली."

यावर तिची आई आशाबाई यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं कपाटातल्या परीक्षानळ्या वाजल्या. आणि खोलीतून ठकठक ऐकू आली.

"आई? तू काहून रडून राहिली?"

चौदातली नऊ माणसं गेटबाहेर पळाली. टेम्पोवाला तर टेम्पो सोडून पळाला!

आमची पाणबुडी दोन बावन्नलाच वर आली. आशाबाईंनी मुलीला आधी छातीशी धरलं, मग दोन ठेवून दिल्या, मग पुन्हा छातीशी धरलं. सगळा उलगडा झाल्यावर माझ्याकडे कोणी बघेना.

सही केलेला फॉर्म माझ्या हातात होता. पण चुकीच्या गृहीतकावरून आलेल्या बरोबर उत्तराला मी मार्क देत नाही. मी तो फाडला आणि कोरा पुढे केला. प्रणालीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता मीच बुडाले तर बरं!

"मंग ते सई कायची होती?" नत्थुजींनी विचारलं.

"तिला समुद्रावर पाठवायची."

त्यांनी त्या दोन बांबूंकडे पाहिलं.

"पातूरपासून तिले मेलेली धरून आलो, मॅडम. मूर्तिजापूर येईलोक तिची राख कुठी न्याची, ते बी ठरवून झालं. समुद्र आता याच्याहून काय वाईट करन? आना तो कागद."

या वेळी पेन थरथरलं नाही.

जाताना प्रणालीनं मला बजावलं, "शिबिरातून मीच घरी फोन करीन. तुमी काही लिवू नका, मॅडम!" मी मान डोलावली आणि विषय बदलावा म्हणून नत्थुजींना विचारलं, "बांबूंचं काय करणार?"

"फेकतो का? कारल्याच्या मांडवाले लावतो."

गेल्या आठवड्यात त्यांनी पिशवीभर कारली पाठवली. सोबत ओमप्रकाशच्या अक्षरात चिठ्ठी: "प्रणालीच्या बांबूवरची."

मला कारलं अजिबात चालत नाही. तीन दिवस निमूटपणे खाल्लं. चिठ्ठीत मात्र चूक काढता आली नाही. अर्थ एकच निघत होता!