कनेक्शन तोडायची धमकी

आमच्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. स्वतःची अक्कल असताना तो दुसऱ्याची उसनी आणतो, आणि आणतो तीही नेमकी फाटकी. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारतो, ही बरी की मघाची बरी? आणि घरी स्वतःला एखादी वस्तू निवडायची वेळ आली की ह्याला घाम फुटतो.

गेल्या महिन्यात इंटरनेट आणि टीव्हीचं एकत्र पॅकेज घ्यायचं ठरलं. जुनं अगदीच रखडत होतं. ह्यानं तीन कंपन्यांची पत्रकं आणून जेवणाच्या टेबलावर पसरली. आठ दिवस आम्ही ती सारून जेवलो. एकीचा वेग जास्त, दुसरीची चॅनेलं जास्त, तिसरीचा माणूस गोड बोलतो. रोज रात्री एक ठरायचं आणि सकाळी चहाबरोबर मोडायचं.

मग दुकानातल्या एका सोबत्यानं ह्याला ज्ञान दिलं. त्याला मी सर्वज्ञ म्हणते, कारण गप्प बसावं असा एकही विषय त्याला सापडलेला नाही. तो म्हणाला, नवीन निवडायचंच कशाला? जुन्यांनाच फोन कर आणि सांग, मी तुम्हाला सोडून चाललो. घाबरतात ते. पाया पडून दुप्पट वेग आणि शंभर चॅनेलं जास्त देतात.

आता धमकी द्यायला आवाज लागतो. आमच्या ह्याचा आवाज भाजीवाल्यापुढेसुद्धा खाली बसतो. तरी मंगळवारी दुपारी त्यानं फोन लावला. धमकी कागदावर लिहून घेतली होती. पलीकडच्या मुलीनं सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "ठीक आहे सर, आपली इच्छा. इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभारी आहोत."

ह्याच्या कागदावर पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. ह्यानंही तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. चार वाजता घरातलं इंटरनेट गेलं आणि टीव्हीही निळा पडला.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण गुरुवारी अकरा वाजता सूनबाईची मुलाखत होती, तीही कॉम्प्युटरवरून. रुग्णांना डॉक्टरांच्या वेळा ठरवून देणारी कंपनी, काम घरी बसूनच करायचं. त्यांनी आधीच कळवलं होतं की बोलताना लाइन दोनदा तुटली तर उमेदवार बाद. मोबाइलवर भागवावं म्हटलं तर आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हात काढल्यावर येते.

चार वर्षांपूर्वी माझं मांडीचं हाड मोडलं तेव्हा ह्या पोरीनं चांगली नोकरी सोडली आणि मला पुन्हा चालतं केलं. मी हे कुणापुढे बोलत नाही. पण विसरलेही नाही.

संध्याकाळी थोरला स्वयंपाकघरात आला, आणि दार लोटून त्यानं हळूच सगळं कबूल केलं. त्यानं पुन्हा फोन करून धमकी मागे घेतली होती. ते म्हणाले, आता तुम्ही नवीन ग्राहक, सात दिवस लागतील. बायकोला त्यानं सांगितलं होतं की सगळ्या भागातच दुरुस्ती चालू आहे.

"आई, तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "ती आधीच घाबरलीय."

"आणि तू कोण, शूरवीर?"

पण सांगितलं नाही. कारण ती खरंच घाबरली होती. आरशापुढे उभी राहून एकटीच प्रश्न विचारायची आणि एकटीच अडखळायची. दर तासानं बाहेर येऊन इंटरनेटच्या डब्यावरचा लाल दिवा बघायची. आणि आम्ही दोघं भिंतीवरचं कॅलेंडर बघायचो.

भीतीचा एक फायदा झाला. आठ दिवसांत जे निवडता आलं नव्हतं ते ह्यानं बुधवारी दोन मिनिटांत निवडलं. जी कंपनी उद्या सकाळी माणूस पाठवते म्हणाली, ती. पलीकडून जे जे विचारलं त्याला हा हो म्हणत गेला. घोड्यांच्या शर्यतीचं चॅनेल घेतलं, मासेमारीचं घेतलं, लहान मुलांची अकरा घेतली. घरात लहान मूल नाही.

गुरुवारी साडेनऊला वायरमन आला. जिना चढून वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, कंपनीची पेटी समोरच्या घराच्या गॅलरीत आहे. वायर तिथूनच आणावी लागेल. त्यांना विचारून या.

समोरचीशी मी अकरा वर्षं बोललेले नाही. एकदा चार माणसांत ती म्हणाली होती की माझा आवाज खाली टपालपेट्यांपर्यंत ऐकू जातो. मी म्हटलं, तुमच्याकडे ऐकण्यासारखं काही असतं तर तुमचाही गेला असता. तेव्हापासून जिन्यात ती दिसली की मी कठडा बघते आणि ती छत बघते.

मी थोरल्याला म्हटलं, तू जा. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो म्हणाला, दुसरं काहीही सांग, तिथे नको. मला वाटलं, माझ्या भांडणाचा मान राखतोय. सूनबाई आत इस्त्री केलेल्या कॉलरला पुन्हा इस्त्री करत होती. दहा वाजले होते.

मी निघाले. आमच्या दारापासून त्यांचं दार सहा पावलांवर आहे. मोडलेल्या पायानं पहिल्यांदा उभी राहिले होते तेव्हा घाबरले नव्हते एवढी त्या सहा पावलांत घाबरले. तोंडात शब्द जुळवत होते. जरा काम होतं. नको. अडचण होती. छे. कृपा करून. हा शब्द मी आजवर कुणापुढे काढलेला नाही. घंटीकडे नेलेलं बोट मी दोनदा मागे घेतलं.

तिसऱ्यांदा वाजवली. दार उघडलं ते अर्धंच. समोरची माझ्याहून जास्त घाबरलेली दिसत होती.

"वहिनी, मला वाटलंच होतं तुम्ही येणार," ती म्हणाली. "चूक झाली माझी. मंगळवारी बंद केलंत तेव्हाच समजले, की तुम्हाला कळलं."

मला काय कळलं ते मला कळेना. पण अशा वेळी गप्प राहावं एवढं शहाणपण शाळेत न जाताही येतं. मी नुसती बघत राहिले, आणि तीच भडाभडा बोलली. तिचा नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलाय. रोज संध्याकाळी तो परगावच्या नातवाला फोनवर बघतो. ते बघणं आमच्या इंटरनेटवर चालायचं. पासवर्ड थोरल्यानं दिला होता. दोन दिवस म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

एवढं ऐकल्यावर माझी भीती पळाली. मी हात कमरेवर ठेवले.

"झालं ते झालं," मी म्हटलं. "गॅलरीचं दार उघडा. आमचा माणूस वायर टाकेल."

तिनं उघडलं. वर वायरमनला स्टूलही दिलं.

अकराला आठ मिनिटं कमी असताना डब्यावरचा दिवा हिरवा झाला. सूनबाई खुर्चीत बसली. आम्ही मायलेक स्वयंपाकघरात दार लावून उभे राहिलो. मी नळ घट्ट केला. त्यानं कुकरची शिट्टी काढून खिशात टाकली, गॅस बंद असताना. आतून तिचा आवाज यायचा, थांबायचा. थांबला की वाटायचं, तुटलं. मग पुन्हा यायचा.

साडेअकराला ती बाहेर आली. डोळे ओले होते. आम्हाला वाटलं, गेली नोकरी.

"सोमवारपासून ये म्हणाले," ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. "म्हणजे इथेच बस म्हणाले."

ती माहेरी फोन करायला खिडकीकडे गेली. थोरला ओट्याला टेकून मान खाली घालून उभा होता. मी विचारलं, तीन वर्षं माझ्यापासून का लपवलंस?

"तुझी भीती वाटली."

मी कुकरची शिट्टी त्याच्या खिशातून काढून घेतली. मग म्हटलं, "नवा पासवर्ड समोर देऊन ये. चोरून नाही, माझं नाव सांगून दे. माझ्यावर गेला नाहीस ते एका परीनं बरंच झालं. पण ह्यापुढे कुणाला धमकी द्यायची असेल, तर आधी फोन माझ्या हातात द्यायचा."